कार्ड हातात, पण सोबत कोण?

पंच्याहत्तरी ओलांडलेली आजी अकोले स्थानकात एसटीत चढते, वाहकाला आधार कार्ड दाखवते आणि एक रुपयाही न देता नगरला पोहोचते. २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ या वयात अर्धे तिकीट. ही सवलत वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली, कारण तिला अट एकच आहे, वयाची. ती तपासणारा माणूसही एकच, आणि तो समोर उभा असतो. निर्णय जागच्या जागी होतो. कुणाची ओळख लागत नाही, चिठ्ठी लागत नाही.

नगरला उतरून तीच आजी दवाखान्याच्या दारात गेली की तिच्या नावावरचा हक्क कितीतरी मोठा होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनांखाली तिच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. पण ३० रुपये असोत की ३०० रुपये, तिकिटाची सवलत तिला न मागता मिळते आणि लाखांचा हक्क मागूनही हातात पडत नाही. मधे रेशन कार्ड, ई-केवायसी, मोबाइलवरचा ओटीपी, अंगीकृत रुग्णालयांची यादी, उपचारांची यादी आणि पूर्वमंजुरी एवढे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ‘हो’ म्हणावे लागते, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण द्यावे लागत नाही.

वृद्ध आणि अपंग माणसाला नुसते कार्ड देऊन आरोग्य विमा पुरा होत नाही. ते कार्ड वापरायला मदत करणारा माणूस हा योजनेचाच भाग मानला पाहिजे, त्यावर खर्च झाला पाहिजे आणि तो माणूस रुग्णालयाच्या नव्हे, रुग्णाच्या बाजूचा असला पाहिजे, हे मला या लेखात मांडायचे आहे. नगर म्हणजेच अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात मी ते मांडतो आहे, कारण ही गरज इथे ठळकपणे दिसते आणि तिचे उत्तर शोधण्याचा अनुभवही याच जिल्ह्याकडे आहे.

आधी योजनेचा प्रवास पाहू. गंभीर आजारांसाठी गरिबांना मदत देणारी जीवनदायी योजना राज्यात १९९७ साली आली. तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, ती २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात नगर नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, तेव्हा नगरची पाळी आली. २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखांची मर्यादा ५ लाखांवर गेली, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि रेशन कार्डाचा रंग कोणताही असला तरी सगळी कुटुंबे योजनेत आली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तरी पार केलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड आले.

धोरण म्हणून ही वाटचाल चांगली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. खासगी विमा कंपनी सत्तरीच्या माणसाला सहसा दारात उभे करत नाही, केले तर जुन्या आजारांसाठी दोन-तीन वर्षे थांबायला लावते. इथे मधुमेह असो, हृदयविकार असो, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. पण दर काही वर्षांनी नाव बदलले, रक्कम बदलली, पात्रता बदलली. गावातल्या माणसाच्या कानावर जो पहिला ‘नाही’ पडला, तोच टिकून राहिला. २०२३ च्या निर्णयाआधी पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना ही योजना फक्त १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत मिळत होती. शेजारच्या बीडमध्ये ती होती, नगरमध्ये नव्हती. त्यामुळे जामखेड-पाथर्डीच्या सीमेवरच्या गावांत एकाच घराण्यातल्या एका भावाला योजना आणि दुसऱ्याला नाही, असे होऊ शकत होते. आता दोघांनाही आहे. पण ‘आपल्या कार्डाला मिळत नाही’ ही समजूत शासन निर्णय निघाला म्हणून आपोआप पुसली जात नाही. ती पुसायला कुणीतरी ओट्यावर बसून सांगावे लागते.

वृद्ध माणसाची अडचण आधार कार्डापासूनच सुरू होते. वय वंदना कार्डासाठी वय आधारवरून ठरते. ज्या पिढीचा जन्मदाखला कधी निघालाच नाही, तिच्या आधारवर अंदाजाने जन्मवर्ष टाकलेले आहे आणि तारीख १ जानेवारी. पंचाहत्तरीची बाई कागदावर सहासष्टची असेल, तर तिला आधी आधार दुरुस्त करावे लागते, आणि त्यासाठी जन्माचा पुरावा लागतो, जो तिच्याकडे नाही. पुढची अडचण बोटांची. आयुष्यभर खुरपे धरलेल्या, ऊस तोडलेल्या हातांच्या रेषा झिजतात. ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य रेशन दुकानापासून सेवा केंद्रापर्यंत सगळीकडे ऐकू येते. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, पण ती आहे हे माहीत असणारा माणूस समोर हवा. उरला ओटीपी. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे जातात. घरी राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे. आधारला जोडलेला मोबाइल मुलाच्या खिशात, आणि मुलगा दोनशे किलोमीटरवरच्या फडात. सेवा केंद्रात आजी बसलेली असते आणि ओटीपी उसाच्या सरीत वाजतो. मुलाने फोन उचलून आकडा सांगेपर्यंत त्याची मुदत संपते, आणि आजीला सांगितले जाते की उद्या या.

अपंग माणसाचे कोडे याहून अवघड आहे. प्रधानमंत्री योजनेची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवरून तयार झाली. ग्रामीण भागासाठी वंचिततेचे जे निकष घेतले, त्यांतला एक असा होता: घरात अपंग व्यक्ती आहे आणि धडधाकट प्रौढ कोणीही नाही. म्हणजे ज्या घरात धावपळ करणारे कोणी नाही, त्या घराला सरकारने विचारपूर्वक यादीत घेतले. पण यादीत नाव आहे का ते बघायला, कार्ड काढायला, रुग्णालय शोधायला आणि खिडकीशी उभे राहायला धडधाकट प्रौढच लागतो. निकष ठरवणाऱ्यांना जे कळले होते, ते अंमलबजावणीत कुठेच उतरले नाही. योजनेच्या रचनेतला यापेक्षा मोठा दोष मला दिसत नाही.

कायदा तर याच्या कितीतरी पुढे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश, तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य, आणि उत्पन्नाच्या मर्यादेत घराजवळच्या परिसरात मोफत उपचार असे शब्द आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात सरकारी दवाखान्यांत वेगळ्या रांगेची तरतूद आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही वेगळी विमा योजना आहे. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि दाखल न होता घेतलेली तपासणी व थेरपीही बसते. फुले योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलीला मात्र वर्षभर फिजिओथेरपी लागते. तिच्या आईवडिलांना ‘निरामय’ची माहिती नसेल, तर हातात ५ लाखांचे कार्ड असूनही तिच्या रोजच्या उपचाराचा खर्च घरातूनच होतो.

वाटा आणखीही आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार नि:शुल्क आहेत. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. एखादा आजार फुले योजनेत बसला नाही तर धर्मादाय खाट मागायची, तीही मिळाली नाही तर निधीकडे अर्ज करायचा. प्रत्येक ठिकाणी कागद वेगळे, अधिकारी वेगळा, मुदत वेगळी. मांडीचे हाड मोडून कण्हणाऱ्या माणसाच्या नातेवाइकाने रात्री अकरा वाजता हे सगळे डोक्यात ठेवावे, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

याला सरकारचे उत्तर आहे आरोग्यमित्र. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचा एक कक्ष असतो, तिथे तो बसतो, कागद तपासतो, नोंदणी करतो, पूर्वमंजुरीसाठी प्रकरण पाठवायला मदत करतो. अनेक आरोग्यमित्र मनापासून काम करतात. पण त्याची जागा बघा. तो रुग्णालयाच्या आत आहे. रुग्ण तिथे पोहोचल्यावरच त्याचे काम सुरू होते. कोणत्या रुग्णालयात जायचे, हा पहिला आणि सगळ्यात महाग पडणारा निर्णय तोवर झालेला असतो. गावच्या डॉक्टरने, रिक्षावाल्याने किंवा शेजाऱ्याने सांगितले तिकडे गाडी वळलेली असते. ते रुग्णालय योजनेत नसेल, किंवा योजनेत असून नेमका तो विभाग नसेल, किंवा ती शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असेल, तर आरोग्यमित्र काय करणार? त्यातून रुग्णाला सुरुवातीलाच रोखीचा रुग्ण म्हणून दाखल केले आणि डिपॉझिट भरून घेतले, तर नंतर योजनेत आणणे फार कठीण जाते. शिवाय जो दिवसभर त्याच इमारतीत, त्याच कर्मचाऱ्यांमध्ये वावरतो, त्याने त्याच रुग्णालयाविरुद्ध तक्रार लिहून द्यावी, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्यायाची आहे.

‘स्कीममध्ये बसत नाही.’ दवाखान्याच्या खिडकीतून येणारे हे तीन शब्द नगर जिल्ह्यात कुणी ऐकले नाहीत? त्यांचे अर्थ अनेक असू शकतात. उपचार खरोखरच यादीत नाही. यादीत आहे, पण इथे होत नाही. होतो, पण आज खाट नाही. कागद अपुरा आहे. किंवा योजनेचे दर परवडत नाहीत म्हणून टाळायचे आहे. यातले नेमके कोणते, हे विचारणारा आणि लेखी मागणारा माणूस रुग्णासोबत असेल, तर उत्तर बऱ्याचदा तिथल्या तिथे बदलू शकते. १५५३८८ हा योजनेचा मोफत क्रमांक आहे, १४५५५ हा आयुष्मानचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारणाची समिती असते. हे सगळे असते. पण वृद्ध माणूस खिडकीतला नकार ऐकतो, मान हलवतो आणि मुलगा सावकाराला फोन लावतो.

ही पोकळी रिकामी राहिलेली नाही, याची मला अधिक काळजी वाटते. दोन प्रकारच्या माणसांनी ती भरली आहे. एक एजंट, जो कार्ड काढून देण्याचे, दाखला मिळवून देण्याचे पैसे घेतो. दुसरा पुढाऱ्याचा कार्यकर्ता, जो साहेबांचे पत्र आणतो, रुग्णालयात फोन लावतो आणि काम करून देतो. दुसऱ्याने कितीतरी जीव वाचवले असतील. त्या कार्यकर्त्यांच्या धावपळीला मी कमी लेखत नाही. पण कायद्याने दिलेला हक्क जेव्हा कुणाच्या तरी शब्दाने मिळतो, तेव्हा त्याचा उपकार होतो. उपकाराची परतफेड मतदानाच्या दिवशी करावी लागते आणि विरोधी गटातल्या घराला तो मिळेलच असे नाही. ज्याला घराबाहेर पडता येत नाही, ज्याच्या मागे मते नाहीत, त्या एकट्या विधवेपर्यंत, अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंत कार्यकर्ता सगळ्यात शेवटी पोहोचतो.

मग कुणी पोहोचायचे? याचे उत्तर शोधायला परदेशी जायची गरज नाही, तरी एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील आणि अपंग नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा आहे. तोही गुंतागुंतीचा. १९९० साली तिथल्या संसदेने कायदा करून प्रत्येक राज्यात मोफत, निःपक्षपाती सल्ला देणारी यंत्रणा उभी करायला पैसे दिले. प्रशिक्षित स्थानिक लोक, त्यांत बरेचसे स्वयंसेवक, समोर बसवून कागद समजावून सांगतात आणि त्यांना काहीही विकायचे नसते. श्रीमंत, साक्षर देशालाही कळले की विमा देणे आणि विमा वापरता येणे ही दोन वेगळी कामे आहेत.

आपल्या जिल्ह्याने तर याहून अवघड काम १९७० सालीच हाती घेतले. त्या वर्षी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा जामखेड म्हणजे दुष्काळी, रस्ते नसलेला, डॉक्टर टिकत नाही असा भाग. बाहेरून आलेल्या परिचारिका खेड्यात रुजेनात, तेव्हा आरोळे दाम्पत्याने गावातल्याच बायकांना निवडले. त्यांतल्या कितीतरी जणी निरक्षर, कितीतरी दलित. गावाने त्यांना निवडायचे, त्यांनी नियमित जामखेडला येऊन शिकायचे आणि शिकलेले दुसऱ्या दिवशी गावात वापरायचे. बाळंतपण, हगवण, क्षयरोग, कुष्ठरोग अशा विषयांत या ग्राम आरोग्य सेविका तयार झाल्या. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार करणारे लोक जगभरातून जामखेडला येऊ लागले. याच प्रकल्पात जयपूर फूटसारखे कृत्रिम अवयवही तयार होऊ लागले.

जामखेडमधून शिकायचे ते हे: गुंतागुंतीचे ज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचवता येते, पण ते पोहोचवणारा माणूस गावातला, गावाने निवडलेला आणि सतत शिकत राहणारा असावा लागतो. हगवण झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे हे जिला शिकवता आले, तिला पूर्वमंजुरी म्हणजे काय हे शिकवता येणार नाही का?

म्हणून माझा प्रस्ताव असा. आरोग्य उपकेंद्राच्या कक्षेतल्या गावांसाठी एक ‘सोबती’ असावा. ग्रामसभेने त्याची किंवा तिची निवड करावी. अपंग व्यक्तीला प्राधान्य द्यावे, कारण दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात ज्याने स्वतः हेलपाटे घातले आहेत, त्याला या वाटेवरचा प्रत्येक खड्डा माहीत असतो. काम मोजके असावे. कक्षेतल्या सत्तरीपुढच्या आणि अपंग व्यक्तींची यादी ठेवायची. ती नव्याने करायची गरज नाही, संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांच्या याद्या तहसील कार्यालयात आहेतच. आजार येण्याआधी प्रत्येकाचे कागद नीट लावून ठेवायचे. आजार आला की कोणते रुग्णालय, कोणता विभाग हे फोनवरून पक्के करायचे. दाखल होण्याच्या पहिल्या दिवशी सोबत जायचे. नकार मिळाला तर तो लेखी मागायचा आणि तक्रार लिहून द्यायची. घरी परतल्यावर औषधे आणि पुढची तपासणी मिळते का ते पाहायचे. बसायला वेगळे कार्यालय नको. सकाळचे दूध संकलन केंद्र, धान्यवाटपाच्या दिवशी रेशन दुकान, अनुदान जमा होते त्या दिवशी बँकेची पायरी, या त्याच्या जागा. सहकाराने बांधलेल्या या जिल्ह्यात साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था यांनी सभासदांसाठी यात वाटा उचलणे अवघड नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो आशाताईंचा. त्या आहेत की! आहेत, पण त्यांच्यावर गरोदर माता, लसीकरण आणि सर्वेक्षणे यांचा एवढा भार आहे की नगरच्या रुग्णालयात दिवसभर थांबायला त्या मोकळ्या नाहीत. शिवाय त्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक मिळतो. ज्या कामाचा मोबदला ठरलेला नाही, ते त्यांच्या माथी मारणे म्हणजे गरीब बाईचे श्रम फुकटात घेणे होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणसे नेमण्यापेक्षा योजनाच सोपी करा. ती करावीच. अंगठा लागला नाही तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सक्ती सेवा केंद्रांवर असावी, नकाराचे कारण लेखी देण्याची सक्ती रुग्णालयांवर असावी. पण योजना कितीही सोपी केली तरी आजाराची गुंतागुंत उरतेच. बहिऱ्या माणसाला डॉक्टरचे बोलणे समजावून सांगणे, मनोरुग्ण भावाच्या वतीने सही करणाऱ्या बहिणीला धीर देणे, ही कामे अॅप करू शकत नाही.

तिसरा आक्षेप, हा सोबतीच उद्या एजंट झाला तर? ही भीती खरी आहे, म्हणून नियम कडक हवेत. मानधन ठरावीक, रुग्णालयाकडून एक पैसाही नाही, कोणत्याही पक्षाचे पद नाही, आणि वर्षातून दोनदा ग्रामसभेपुढे हिशेब. माहितीच्या अधिकारासाठी लढलेल्या राळेगणसिद्धीच्या जिल्ह्याला सार्वजनिक हिशेब नवा नाही. आणि आज जो एजंट आहे, त्याचा हिशेब कोण घेतो?

खर्चाचे म्हणाल, तर तो आजही होतोच आहे. चुकीच्या रुग्णालयात भरलेले डिपॉझिट, गहाण पडलेले दागिने, विकलेली गाय, ऊसतोडीची जास्तीची उचल या रूपात गरीब घर तो करते. तो सरकारच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

आज योजनेचे यश कार्डांच्या संख्येत मोजले जाते. शिबिरे होतात, फोटो निघतात, आकडा वर पाठवला जातो. मोजायचे दुसरेच काहीतरी आहे, आणि ते मोजायला कोणत्याही मंत्र्याच्या परवानगीची गरज नाही. येत्या ग्रामसभेत कोणाही मतदाराने उभे राहून विचारावे: गेल्या वर्षभरात आपल्या गावातले किती वृद्ध आणि अपंग दवाखान्यात दाखल झाले? त्यांपैकी कितींचा खर्च योजनेतून झाला? ज्यांचा झाला नाही, त्यांना कोणी आणि कोणत्या कारणाने नाकारले? या तीन प्रश्नांची उत्तरे आज गावात कोणाकडेही नाहीत. ती द्यायला कोणाला तरी नेमावे लागेल, आणि तो ठराव त्याच सभेत मंजूर करून घ्यावा.